प्लंबरच्या बायकोचं मशीन

प्रिय धाकट्या,

तुला माझ्या हातचं पत्र येऊन किती वर्षं झाली असतील कोण जाणे. पाकीट बघूनच घाबरशील, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकते: आई बरी आहे. मीही बरी आहे. बरं नाही ते आपलं खालचं बाथरूम आणि माझं डोकं. पाकिटात बँकेचा एक छापील फॉर्म आहे. त्यावर मी पेन्सिलीने तीन ठिकाणी फुल्या मारल्या आहेत, तिथे तुझ्या सह्या हव्यात. सह्या करून फॉर्म आधी बाजूला ठेव आणि मगच पुढे वाच, कारण पुढचं वाचून तुला राग येणार आहे, आणि रागात तू सही करत नाहीस, कागद चुरगळतोस. नववीच्या प्रगतिपुस्तकाचं काय केलं होतंस ते मी अजून आईला सांगितलेलं नाही.

फोनवर सांगायचं सोडून हा पत्राचा खटाटोप कशाला, असं म्हणशील. अरे, गेल्या सोमवारपासून तुला पाच फोन केले. पहिल्या वेळी तू मीटिंगमध्ये. दुसऱ्या वेळी गाडी चालवत होतास. तिसरा फोन तुझ्या बायकोने उचलला, म्हणाली ते दौऱ्यावर आहेत, मी निरोप देते. निरोप तिने दिला असणार, कारण संध्याकाळी तुझा मेसेज आला की ताई, बँक बघून घेईल, तू टेन्शन घेऊ नकोस. चौथ्या वेळी तू भेटलास, पण मी प्लंबर हा शब्द उच्चारते न उच्चारते तोच तू मला समजावायला लागलास. हल्ली तू माझ्याशी एकेक शब्द सुटा करून, मोठ्या आवाजात बोलतोस, हे तुझ्या लक्षात आलंय का? मला ऐकू नीट येतं, बाबा. पाचव्या वेळी मीच फोन ठेवून दिला, कारण तू मला ओटीपी कुणाला सांगायचा नसतो ते तिसऱ्यांदा सांगत होतास. पत्राला मध्येच तोडता येत नाही, म्हणून पत्र.

आता पहिल्यापासून ऐक. आई पंच्याऐंशीव्या वर्षी स्टुलावर चढून पडदा काढायला गेली आणि खुब्याचं हाड मोडून बसली, तेव्हा तू आलास, चार दिवस राहिलास, ऑपरेशनचं सगळं बघितलंस, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तू गेल्यावर तिला त्या व्यायाम करून घेणाऱ्या केंद्रात हलवलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला पहिल्याच दिवशी बजावलं की घरात खालच्याच मजल्यावर बाथरूम हवं, त्यात दोन्ही बाजूंना धरायला पक्के दांडे हवेत, फरशी घसरडी नको, आणि या सगळ्याचे फोटो बघितल्याशिवाय आम्ही पेशंटला घरी सोडत नाही. तसं होणार नसेल तर त्यांच्यासाठी दुसरी सोय बघा. दुसरी सोय म्हणजे काय ते तुलाही कळतं आणि मलाही. आई मला रोज एकच विचारते, माझी खोली झाडलीस का. तिला विचारायचं असतं की मला घरी कधी नेतेस. पुढच्या महिन्याची पाच तारीख ठरली आहे. आज मंगळवार, मध्ये फक्त बारा दिवस आहेत.

दांडे बसवायला मी माणूस बोलावलाच होता. त्याने भिंतीला ड्रिल लावलं आणि भोकातून पाणी यायला लागलं. बिचाऱ्याने पाइप फोडला नाही, पाइप आधीच फुटलेला होता. टाइलच्या मागे किती महिने झिरपत होता देव जाणे, याने भोक पाडून त्याला वाट करून दिली इतकंच. पलीकडे आईच्या खोलीत जाऊन तिचं कपाट ओढलं तर मागच्या भिंतीचं प्लास्टर हात लावताच पिठासारखं गळायला लागलं. कपाटाची मागची फळी फुगून पोट सुटल्यासारखी झाली होती. दांडेवाल्याने शांतपणे आपलं ड्रिल पुसलं, पेटीत भरलं आणि हे माझं काम नाही, आधी प्लंबर बघा, असं सांगून निघून गेला. मी टाकीचा कॉक बंद केला, बादल्या लावल्या आणि फरशी पुसून काढली. त्या दिवसापासून मी पाणी शेजाऱ्यांच्या नळावरून भरते आहे, हेही तुला माहीत नसेल.

प्लंबर मिळवताना माझ्या नाकी नऊ आले. एकाने येतो येतो म्हणत तीन दिवस झुलवलं. एकाने भिंतीकडे न बघताच सांगितलं की सगळं बाथरूम पाडून नवीन करा. एकजण आला, कॉक उघडून पाणी अंगावर घेतलं आणि मलाच ओरडला. चौथा मात्र माणूस निघाला. साठीच्या आसपासचा, अबोल. आल्या आल्या त्याने पान्याच्या मागच्या बाजूने भिंत ठोकली आणि कान लावून ऐकत राहिला, वीतभर सरकला, पुन्हा ठोकली. मग म्हणाला, पाइप सगळा जुना लोखंडी आहे, आज हा सांधा बदलला तर पुढच्या महिन्यात पुढचा फुटेल, टाकीपासून खालपर्यंत नवीन टाकू. आता तू म्हणशील, झालं, ताईला गंडवलं. अरे, बत्तीस वर्षं मी कारखान्याच्या स्टोअरमध्ये काढली. पाइप वळवायचा अर्ध्या इंचाचा आणि पाऊण इंचाचा एल्बो मी डोळे मिटून, नुसत्या बोटांनी ओळखते. किती फूट पाइप, किती सांधे, कुठल्या जाडीचा, सगळं त्याच्याकडून वदवून घेतलं आणि दोन एल्बो जास्त सांगितले होते तेही कापले. शेवटी त्यानेच विचारलं, बाई, तुम्ही आधी कुठे काम करायचात? त्याच संध्याकाळी मी तुला भिंतीचे चार फोटो पाठवले आणि खाली लिहिलं की काम मोठं निघालंय, उद्यापासून प्लंबर येतोय, पैसे कार्डावरून देते आहे. त्यावर तुझा अंगठा आला. नुसता पिवळा अंगठा. तो तू फोटो बघून पाठवलास की न बघता, एवढंच मला आयुष्यात एकदा जाणून घ्यायचं आहे.

ते कार्ड माझ्याकडे कसं आलं ते तू विसरला नसशील. बाबा गेले त्या वर्षी छपराचे पत्रे बदलावे लागले आणि मी तुला न सांगता माझी ठेव मोडली. तुला कळल्यावर तू इतका चिडलास की दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीस. मग तुझ्या खात्यावरचं हे दुसरं कार्ड माझ्या नावाने काढून घेऊन आलास, माझ्या हातात ठेवलंस आणि म्हणालास, घराचं अचानक काही निघालं तर यावर टाकायचं, मला विचारत बसायचं नाही, ठेवीला हात लावशील तर बघ. मला विचारत बसायचं नाही, हे तुझेच शब्द. तू गेल्यावर मी कार्ड हातात धरून जरा रडले होते. आनंदाने. आज हे सांगितलं नसतं तर बरं होतं, पण राग आला की माझ्या तोंडून सगळंच बाहेर पडतं.

आणि हे कार्ड वापरणं किती डोक्याला ताप आहे ते तुला मॉलमधल्या चकचकीत दुकानांत खरेदी करून कसं कळणार? पाण्याची मोटर जळली तेव्हा मोटरवाला कार्डाकडे असा बघत राहिला, जसं काही मी त्याला माझं लायब्ररीचं कार्ड देते आहे. इलेक्ट्रिशियन म्हणाला मशीन आहे, पण शंभरावर तीन रुपये जास्त पडतील, त्यावरून आमची अर्धा तास जुंपली. गच्चीची गळती काढणाऱ्याने मला हार्डवेअरच्या दुकानात नेलं, तिथे कार्ड घासायला लावलं आणि दुकानदाराने गल्ल्यातून त्याला रोख काढून दिले. तुला मेसेज गेला हार्डवेअरचा, तू निवांत. म्हणजे ज्याने काम केलं त्याचं नाव तुला गेल्या दोन वर्षांत एकदाही कळलेलं नाही, आणि तुझं काही बिघडलंही नाही.

या प्लंबरकडे मशीन नव्हतं. त्याच्या बायकोकडे होतं. तिचं बाजारात शिवणकामाचं दुकान आहे, बायकांचे कपडे, पडदे, उशांचे अभ्रे, असं. दुसऱ्या दिवशी तो दोऱ्याची रिळं असलेल्या पिशवीतून ते मशीन घेऊन आला. आपल्या घरात त्याला रेंज मिळेना. स्वयंपाकघरात नाही, जिन्यात नाही. शेवटी मी स्टुलावर चढून (आईला सांगू नकोस) फाटकाच्या खांबावर कार्ड घातलेलं मशीन धरलं आणि खाली तो स्टूल धरून उभा, अशा थाटात तो व्यवहार झाला. समोरच्या बाईंना वाटलं आम्ही दिवा बदलतोय. सामानासाठी अर्धे पैसे आधी द्यायचे असं ठरलं होतं, तेवढेच दिले. पावतीवर दुकानाचं नाव आलं. मी वाचलं, त्याला विचारलं, त्याने सांगितलं, मी पावती फाइलला लावली. तुला कळवायला हवं होतं, इतकी माझी चूक मी कबूल करते. पण फोटो तुझ्याकडे होते, मेसेज तुझ्याकडे होता, अंगठा तुझा होता. मला काय स्वप्न पडलं होतं की हे दुकान कुणाचं, एवढा एक प्रश्न तू मला सोडून बँकेला विचारशील?

तीन दिवस त्याने सुंदर काम केलं. भिंत सरळ रेषेत खोदली, एक टाइल जास्तीची फोडली नाही, जुना पाइप तुकडे करून बाहेर काढला. आतून तो इतका गंजला होता की त्यातून पेन्सिलसुद्धा गेली नसती, आणि आपण ते पाणी पीत होतो. चौथ्या दिवशी तो आला नाही. त्याची बायको आली. गळ्यात मोजपट्टी तशीच, म्हणजे दुकानातून उठून आलेली. मी बसा म्हटलं, ती बसली नाही. तिने पर्समधून घडी घातलेला कागद काढला आणि विचारलं की आम्ही तुमचं काय वाईट केलं होतं? तिच्या खात्यातून बँकेने पैसे परत ओढले होते आणि मशीन बंद केलं होतं. लग्नाच्या कपड्यांचं मोठं गिऱ्हाईक पैसे द्यायला आलं आणि मशीनवर नुसताच लाल दिवा. शेजारच्या दुकानदारांना कुणकुण लागली, आणि फसवणूक हा शब्द एका दुकानातून दुसऱ्या दुकानात जायला किती वेळ लागतो? बावीस वर्षं मी त्या गल्लीत बसते आहे, असं ती म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं, मीही दोन शब्द बोलून मोकळी झाले असते.

मग तिने तो कागद माझ्यापुढे धरला. तक्रार करणाऱ्याने काय सांगितलं ते बँक समोरच्याला पाठवते, हे तुला माहीत नसणार. माहीत असतं तर तू जरा बेताने बोलला असतास. त्यात तुझं म्हणणं टाइप केलेलं आहे: हे कार्ड माझ्या वयस्कर बहिणीकडे असते. ती अलीकडे विसरते. या शिवणकामाच्या दुकानाशी आमचा काहीही संबंध नाही, तिची फसवणूक झाली असावी. मी ते तिच्यासमोर उभ्याने वाचलं. ती माझ्याकडे बघत होती. मग तिने अगदी हळू विचारलं, विसरतं कोण, तुम्ही? ज्या बाईची आपण बदनामी केली, तिलाच माझी दया यावी, असा तो प्रसंग होता. तिने कागद माझ्याकडेच ठेवला आणि जाताना म्हणाली, बाई, तुमच्या भावाने एकदा विचारायचं तरी, आम्ही काय उत्तर दिलं नसतं? एवढं बोलून ती गेली.

आता विसरण्याबद्दल. मागच्या वर्षी मी तुला एकाच रंगाचे दोन स्वेटर पाठवले, पंधरा दिवसांच्या अंतराने. विसरले, मान्य. एक आधीच पाठवलाय हे डोक्यातून साफ गेलं. त्याची गोष्ट तू तुझ्या ऑफिसात, सासरी, सगळीकडे हसत हसत सांगितलीस, आणि मीही हसले. पण तू एकविसाव्या वर्षी पहिल्या नोकरीला निघालास तेव्हा तुझी बॅग बस स्टँडवरच ठेवून बसमध्ये चढला होतास, आणि मी रिक्षा करून पुढच्या थांब्यावर ती पोचवली होती, तेव्हा कुणी कागदावर लिहिलं नव्हतं की हा अलीकडे विसरतो. मला बासष्टावं चालू आहे. आईची सहा औषधं, त्यांच्या वेळा, केंद्रातल्या चार नर्सांच्या पाळ्या, पाण्याचं बिल, आणि तुझ्या मुलीची परीक्षा कोणत्या दिवशी संपते ते, सगळं मला तोंडपाठ आहे. तुला ते विचारावंसं वाटलं नाही, एवढंच.

त्यानंतर मी हात जोडून बसले नाही. पेन्शनचे पैसे काढून रोख घेऊन तिच्या दुकानात गेले. तिने घेतले नाहीत. म्हणाली, पैशांचं राहू द्या, आज घेतले तर तो शब्द तसाच राहील, बँक म्हणेल गुपचूप मिटवलं, म्हणजे काहीतरी होतंच. मला तो शब्द कागदावरून काढून द्या. बरोबरच आहे तिचं. मग मी बँकेत गेले. तिथल्या तरण्या मॅनेजरने माझं सगळं ऐकून घेतलं, पावती बघितली, फोटो बघितले, मान डोलावली आणि सांगितलं की तुम्ही वापरणाऱ्या आहात, खातेदार नाही, तक्रार ज्याने केली त्यालाच मागे घ्यावी लागेल. म्हणजे घर मी सांभाळायचं, पाण्यात मी उभं राहायचं, आणि माझ्या खरेपणाची साक्ष मात्र तुझ्या सहीने. अंगाचा नुसता तिळपापड झाला, पण त्याच्यावर काय ओरडणार? त्याने फॉर्म दिला आणि पाणीही विचारलं.

दुसरा प्लंबर का आणत नाहीस, हा प्रश्न आता तुझ्या डोक्यात असेल. आणला होता. आपला प्लंबर तिसऱ्या दिवशी जाताना हत्यारांची पेटी बाथरूमच्या उंबऱ्यावर ठेवून गेला, ती त्याने अजून परत नेलेली नाही. या लोकांत त्याचा अर्थ असा की काम माझं आहे, मी येणार आहे, माझं मिटायचं आहे. नव्या प्लंबरने पेटी बघितली, झाकणावरचं नाव वाचलं, तसाच मागे फिरला. म्हणाला, दुसऱ्याच्या उघड्या भिंतीला आम्ही हात लावत नाही, आधी त्याचं मिटवा. मी पेटी उचलून बाहेर ठेवू शकले असते. नाही ठेवली. त्याने अजून माझ्यावर विश्वास ठेवलाय याची तेवढीच एक खूण घरात उरली आहे, ती मी कशी हलवू? तुझा फॉर्म बँकेत पोचला की दुसऱ्या दिवशी येतो असा त्याचा निरोप आहे. पाइप टाकायला दोन दिवस, भिंत भरून वाळायला तीन, मग टाइल आणि दांडे. सोमवारपर्यंत फॉर्म माझ्या हातात आला तर पाच तारीख कशीबशी जमते. नाही आला तर आईची दुसरी सोय.

एवढं सगळं मी पत्रात न लिहिता त्या मॅनेजरचा नंबर देऊन मोकळी झाले असते, आणि तू मुकाट्याने सह्या केल्या असत्यास. पण मी एक उपद्व्याप करून बसले आहे. गेल्या शुक्रवारी डॉक्टरीणबाईंनी आईसमोरच मला फोटो मागितले. मी मोबाईलमध्ये उघडी भिंत दाखवली. आईने विचारलं, काम थांबलं का गं? आणि मला तिच्या तोंडाकडे बघून खरं सांगवेना. तिच्या लेकाने तिच्या लेकीबद्दल बँकेला काय लिहून दिलं, हे मी कोणत्या तोंडाने सांगू? तिला काय वाटेल, ते मला दिसत होतं. म्हणून पटकन बोलून गेले की माझाच घोटाळा झाला आई, प्लंबरला पैसे दिलेले मीच विसरले आणि मीच बँकेला फोन करून तक्रार केली. डॉक्टरीणबाईंनी फाइलमध्ये काहीतरी लिहिलं. मला वाटलं, निभावलं.

निभावलं नाही. काल संध्याकाळी आईने मला जवळ बसवलं, माझा हात हातात घेतला आणि एकेक शब्द सुटा करून, मोठ्या आवाजात, अगदी तुझ्यासारखं, मला समजावलं. म्हणाली, तू खूप केलंस माझं, आता तू थकलीस, तुझ्या लक्षात राहत नाही, यात तुझा दोष नाही. तुझ्यावर माझा भार नको आणि घराचाही नको. धाकट्याला सांगते, त्याच्या जवळपास माझी कुठे सोय बघ म्हणून, आणि ताईचीही काळजी घे, तिच्याकडे आता व्यवहार ठेवू नकोस. घर तोच बघेल, कुलूप लावायचं तर लावेल. तिचे डोळे भरले होते रे. तिला घरी यायचं आहे, आणि माझ्यासाठी ती नको म्हणते आहे. तरीही मला सांगता आलं नाही. रविवारी सकाळी तू घरी असतोस तेव्हा ती तुला फोन करणार आहे. सह्या काय, तुझी बायकोही हातात पेन देऊन तुझ्याकडून करून घेईल, हे पत्र मी त्या फोनसाठी लिहिते आहे. आई तुला विचारेल, तुलाही ताईचं असंच वाटतं का? कागदावर तू आधीच हो लिहिलेलं आहेस, हे तिला माहीत नाही. खरं सांगायचं धैर्य झालं तर सांग, चूक माझी होती म्हण, ती तुला रागावणार नाही, तुला ती कधीच रागावली नाही. नाही झालं तर निदान हो तरी म्हणू नकोस. आईला नंबर लावता येत नाही, फोन मीच लावून तिच्या कानाशी धरणार आहे. तिच्या फोनचा आवाज केवढा मोठा असतो ते तुला ठाऊकच आहे.

तुझीच,
ताई